केंडाचा शेजार

"हां हां — बोट नका घालू त्यात!"

कुंदाने दारातूनच हाक मारली, पण तोवर टाकीतल्या माशाने आपले काम उरकले होते. पाठमोरा उभा असलेला तो उंच माणूस "आयोव!" करून हात झाडत मागे फिरला, आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या फरशीवर टपटप तीन लाल थेंब पडले.

"चावला!" दुखण्यापेक्षा नवलच त्याच्या चेहऱ्यावर जास्त होते. "मासा चावला मले!"

"मग काय, ओवाळणार होता?" कुंदाने कपाटातून आयोडीन काढले. "केंड म्हणतात त्याला. दातांनी शिंपले फोडतो. तुमचं बोट म्हणजे त्याला गवारीची शेंग."

"पन एवढासा तर हाय, बाई!"

"या एवढ्याशाने टाकीतले पाच मासे संपवले. हात इकडे करा."

त्याने हात पुढे केला. आयोडीन लागताच तो डोळे मिटून घेईल असे तिला वाटले होते. तो मात्र तिच्याकडेच बघत राहिला. बोळा उगाच जास्त वेळ दाबला गेला, आणि हे लक्षात आल्यावर कुंदाच दचकली.

१९६१ सालचा माघ होता. अमरावतीच्या त्या कॉलेजात कुंदा नुकतीच डेमॉन्स्ट्रेटर झाली होती. समुद्र चारशे मैल लांब. वऱ्हाडातल्या पोरांनी तो निदान काचेतून तरी पाहावा, म्हणून मुंबईहून खारे पाणी आणून दोन हातांची टाकी मांडलेली. तिच्यात केंड एकटाच उरल्यावर प्रिन्सिपॉलांनी सहा फुटी टाकी मंजूर केली, आणि ती करायला अकोल्याहून हा खुशाल गावंडे आला होता. त्याचा तिथे कारखाना होता — कापसाच्या जिनिंगची यंत्रे दुरुस्त करायची, कपाटे बनवायची. गाव भातकुलीकडचे, खारपाणपट्ट्यातले, जिथे विहिरीचे पाणी जिभेला लागले की तोंड वाकडे होते.

"लोखंडी चौकट नाई चालणार," माप घेता घेता तो म्हणाला. "आमच्या गावात खाऱ्या पाण्यानं रहाटाचे खिळे दोन वर्षांत भुगा होतात. मी मेळघाटचं सागवान लावतो."

कुंदाने मान वर करून पाहिले. तिच्या साहेबांच्याही डोक्यात हे आले नव्हते.

मग दर शनिवारी तो येऊ लागला. कधी काचेची जाडी दाखवायला, कधी काचेच्या सांध्यांत भरायच्या लांबीचा नमुना दाखवायला — आणि एकदा तर काहीच दाखवायला नव्हते तेव्हा बोटाची जखम दाखवायला. ती कधीच भरून आलेली होती.

"आता याच्यासंग कोन राह्यल?" काचेला नाक लावून तो विचारी. आतून केंड बटबटीत डोळे रोखून त्याच्याकडे पाही.

"गरीब मासा दिला तर आठवड्यात संपेल. याला याच्यासारखेच हवेत. ही बघा मुंबईहून आलेली यादी." कुंदा बोट फिरवत वाची. "हेकरू — मोठ्या तोंडाचा, दिवसभर कपारीत बसून गुरगुरल्यासारखा. तांब — अंगापिंडानं भक्कम, कुणाचं ऐकून घेत नाही. आणि हा सिंहमासा, अंगभर विषारी काटे."

"म्हन्जे भांडखोराले भांडखोरच पाहिजे?"

"पाहिजेच. पण प्रत्येकाला आपली कपार हवी. सगळ्यांत लहान आधी सोडायचा, सगळ्यांत दांडगा शेवटी. आधी दांडगा सोडला तर तो सबंध टाकी आपली समजतो."

"आमच्या गावच्या पाटलासारखा." तो हसला. मग हळूच — "अन् तुमच्या घरी कोन आधी आलं, बाई? तुमी की कडकपना?"

"गावंडे!"

"नाई, मी आपलं... टाकीचं विचारून राह्यलो."

त्या दिवशी घरी जाताना कुंदा टांग्यात एकटीच हसली, आणि दुसऱ्याच क्षणी तिला घर आठवले. वडील हरिहरबुवा हरदास, घरातले आप्पा. तीस वर्षे त्यांच्या कीर्तनाला अर्धी अमरावती बसे. त्यांच्या सोवळ्याच्या घरात गावंडे हे नाव कोणत्या तोंडाने घ्यायचे? एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला हा माणूस. दोघांतले एक सुटणार, हे तिला त्या टांग्यात स्पष्ट दिसले.

सिंहमासा खुशालने निवडला होता. यादीतले चित्र पाहून "काटे असले तरी दिसते कसा, पाहा — नवऱ्या मुलीवानी," असे तो म्हणाला होता.

फाल्गुनात टाकी बसली. मासे आले, एकेक करून सोडले गेले, आणि नवल म्हणजे केंड गुमान आपल्या कोपऱ्यात राहिला. पाणी तेवढे अपुरे पडले. बडनेऱ्याला गाडीतून उतरवताना काचेचे बरेच बुदले फुटले. धड एकच राहिला, तो अडीअडचणीसाठी बाजूला ठेवला. टाकी चार बोटे रिकामी होती, आणि कुंदा दर दोन दिवसांनी वर पाहून सुस्कारा टाकी. खुशालने तो सुस्कारा मनावर घेतला.

रामनवमीला मंडपात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बुवा पाळण्याला उभे होते. त्यांच्यामागे पेटीवर कुंदा. दुपारचे बारा वाजत आलेले, बायांच्या ओंजळीत फुले... आणि मंडपाच्या कडेला खुशाल दिसला. घामाने भिजलेला, चेहरा आनंदाने फुललेला. तो हाताने खूण करत होता — वरपर्यंत! भरली!

कुंदाचे बोट चुकीच्या पट्टीवर पडले. बुवांनी वळून पाहिले.

कशाने भरली? तिने डोळ्यांनीच विचारले. त्याने दोन बोटे दाखवली, मग विहिरीतून दोर ओढल्याची खूण केली, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आमच्या विहिरीचं. दोन ड्रम.

पेटीचा भाता तिच्या हातून सुटला. तीस वर्षांत बुवांच्या पाळण्यातून कुणी उठले नव्हते, कुंदा उठली. पेटी गप्प झाली, बाया चकित होऊन एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि बुवा क्षणभर थांबून बिनपेटीचाच सूर धरून पुढे गाऊ लागले. तो उघडा सूर पाठीवर घेऊनच ती मंडपाबाहेर धावली.

"झालं तरी काय?" खुशाल तिच्यामागे पळत होता. "खारंच तर हाय! जिभेले लावून पाह्यलं मी!"

"खारं सगळं सारखं नसतं हो! समुद्र वेगळा, तुमची विहीर वेगळी!"

प्रयोगशाळेत हेकरू कुशीवर कलंडला होता. केंड भोपळ्यासारखा फुगून वर तरंगत होता. तांब तळाशी धापा टाकत होता. आणि सिंहमाशाचे पंख... ते मिटले होते.

"बुदल्यात चांगलं पाणी आहे," कुंदा म्हणाली. आपला आवाज इतका थंड कसा, याचेच तिला आश्चर्य वाटले. "पण एका भांड्यात घातले तर एकमेकांना फाडतील. वेगवेगळं ठेवायला हवं. इथल्या सगळ्या बरण्यांना फॉर्मॅलिनचा वास. तांबं-पितळ चालत नाही..." ती थांबली. "आमच्या अंगणात चिनी मातीच्या बरण्या वाळत घातल्यात. कैरीच्या लोणच्याच्या."

"तुमच्या मायच्या?" खुशालचे डोळे विस्फारले. "मासे?"

"जा!"

बुवा उपरण्यावरच्या गुलालासकट प्रयोगशाळेत आले तेव्हा टेबलावर त्यांच्या घरच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. एकीतून हेकरूचे तोंड वर आले, बुवांकडे पाहून उघडले, मिटले. बुवांच्या मागून आलेल्या कुंदाच्या आई, सत्यभामाबाई, मटकन स्टुलावर बसल्या.

"माझ्या बरण्या... गं बाई, माझ्या लोणच्याच्या बरण्या!"

बुवा वाकून बरणीत डोकावले. मग घसा खाकरून म्हणाले, "मत्स्यावतारात देवही आधी ओंजळीत होता, मग मडक्यात. बरणीत राहिला तर काय बिघडलं?" त्यांनी मुलीकडे पाहिले. "पण पाळण्यातून उठलीस, कुंदे. ते मला लागलं."

तीन मासे वाचले. सिंहमासा गेला. खुशालने तो जाड फडक्यात उचलला, खिडकीशी नेला, आणि पाठ फिरवूनच म्हणाला, "मी तुमचं सगळं नासवलं, बाई." तो शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. पोस्टाने दोन ओळी आल्या — राहिलेले काम दुसऱ्या कारागिराकडून करून घ्यावे. कळावे.

मुंबईहून नवे पाणी आले, टाकी भरली, गावोगावची पोरे येऊन काचेला नाके लावू लागली. कुंदा पोरांच्या डोक्यांवरून दरवाजाकडे पाही.

एका संध्याकाळी ती आप्पांसमोर उभी राहिली. मग एकदमच बोलली.

"आप्पा, पाळण्यातून उठले ती माशांसाठी उठले, पण धावले ती त्या माणसासाठी. त्याच्या हातून काही मेलं तर त्याला सहन होणार नाही, हे मला ठाऊक होतं. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

आतल्या खोलीत पळी पडल्याचा आवाज झाला. बुवांचा चेहरा पांढरा पडला.

"कुणबी आहे तो."

"हो. आणि देव जात बघत नाही, असं तुम्ही दर कीर्तनात सांगता. मी लहानपणापासून पेटीवर बसून ऐकत आलेय. खरं मानत आलेय. मानायला नको होतं का?"

सबंध गावाला निरुत्तर करणारा माणूस आपल्याच ओट्यावरून उठून आत गेला. तीन दिवस बुवा एकटेच पोथी उघडून बसले. चौथ्या दिवशी सकाळी पगडी झटकत एवढेच म्हणाले, "अकोल्याची गाडी किती वाजता आहे?"

कारखान्यात खुशाल करवत चालवत होता. दारात पगडी, उपरणे आणि मागे कुंदा दिसताच करवत हातातून निसटून फरशीवर खणखणली.

"बुवा! तुमी... इथं? भरपाई पाहिजे असंल तर मी —"

"बसायला आहे का काही?" बुवांनी आजूबाजूला पाहिले आणि एका लोखंडी पेटीवर स्वतःच बसले. उपरणे सारखे केले. "हे बघा गावंडे, रीत अशी की मुलीच्या बापानं मुलाच्या दारी जावं. मी आलोय. माझी कुंदा पदरी घ्याल का?"

खुशालने पडलेली करवत उचलून भिंतीला टेकवली. भुश्याने भरलेले हात त्याने सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले. तो कुंदाकडे पाहत राहिला — खरं का? — आणि तिने मान हलवली. किंचितच. पण कानापर्यंत लाल होऊन.

"आईले विचारा लागते," तो कसाबसा म्हणाला. "पार्बताबाई नाव हाय तिचं, गावी असते. ती नकार नाई देनार. पन बुवा..." तो पायाने भुसा बाजूला सारू लागला. "मी लपवून नाई ठेवत. आमच्या घरी मटन शिजते. दर रविवारी. तुमच्या पोरीले हे..."

बुवांनी डोळे मिटून घेतले. ही गोष्ट त्यांनी गाडीत येताना मनाला विचारलीच नव्हती.

"आप्पा," कुंदाचा आवाज अगदी बारीक आला. "एक सांगायचं राहिलंय. ते मासे काही पोळीचा कुस्करा खात नाहीत. गेले काही महिने रोज सकाळी त्यांच्यासाठी मटणाचे तुकडे... मीच करते. बारीक. मग तिथेच आंघोळ करून घरी येते."

आता दोघेही पुरुष तिच्याकडे आ वासून पाहत होते. बुवांच्या पगडीचा झुपका थरथरला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले... आणि मग गळ्यातली माळ मुठीत धरून ते खुशालकडे वळले.

"चला जावईबापू, एक काळजी मिटली," ते म्हणाले. "हिची आई मला रोज सांगते, पोरीला चिरायला-कापायला काही येत नाही म्हणून."