खड्यांचा नकाशा

धरण बांधायचं आणि ते वाळूनं गच्च भरू द्यायचं! हा कुठला उफराटा उद्योग, असं अकरा वर्षांच्या कालेकेला वाटत होतं.

तिचं गाव पूर्व केनियातलं. तिथली नदी वर्षातून जेमतेम महिनाभर वाहायची. बाकीचे दिवस पात्रात नुसती वाळू. अलीकडे तर पावसानं ताळतंत्रच सोडलं होतं. कोरड्या महिन्यांत कालेके आईबरोबर सात किलोमीटरवरून पाणी आणायची आणि शाळा बुडवायची. तीन वर्षांत जवळ पाणी झालं नाही, तर शाळा कायमची बंद, असं घरात ठरलं होतं.

म्हणूनच असं धरण बांधायला जिल्ह्यानं पिमा नावाचा यंत्रमानव पाठवला होता.

कालेकेनं त्याला सरळच विचारलं, "वाळू भरली तर पाणी कुठे मावणार?"

"वाळूनं भरलेल्या बादलीत पाणी ओतून बघ," पिमा म्हणाला.

तिनं ओतलं. दहा भांडी वाळूत चक्क तीन भांडी पाणी जिरलं!

"कणांच्या मधल्या फटींत बसलं ते," पिमा म्हणाला. "उघडं पाणी उन्हानं उडून जातं. त्याला बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं) म्हणतात. पण हातभर वाळूखाली ऊन पोचतच नाही. भिंत अडवते वाळू, आणि वाळू सांभाळते पाणी. फक्त खाली अभेद्य खडक (पाणी झिरपू न देणारा दगड) हवा."

दुपारी झाडाखाली सभा भरली. सिमेंट एकाच भिंतीपुरतं होतं. उपग्रहाची छायाचित्रं पाहून पिमानं नदीच्या अरुंद वळणावर बोट ठेवलं. गावचे म्होरके मुस्योका यांनी मान डोलावली.

कालेके उठून उभी राहिली.

"तिथे नको! तिथला झिरा महिनाभरात आटतो."

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस," मुस्योका गुरगुरले. "यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं होय?"

"झिऱ्यातलं कळतं. तुम्ही कधी खणलाय का झिरा, आजोबा?"

बायका फिस्सकन हसल्या. पाण्यासाठी वाळूत खड्डे, म्हणजे झिरे खणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांचंच. प्रत्येक घराचा झिरा ठरलेला. सभेला मात्र त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

कालेकेनं काठीनं जमिनीवर नदी काढली. "आपापल्या झिऱ्याच्या जागी खडे ठेवा. जितके महिने पाणी टिकतं, तितके."

आधी तिची आई मुएनी पुढे झाली. मग एकेक करत सगळ्याच. अरुंद वळणावर एकच खडा पडला. वरच्या अंगाला, जुन्या उंबराजवळ मात्र सहा-सहा खड्यांचे ढीग झाले.

पिमानं वाकून एकेका ढिगातले खडे मोजले. मग म्हणाला, "माझ्या छायाचित्रांत वाळूचा वरचा थर दिसतो, खालचा खडक नाही. चला, तपासू."

दोन्ही जागी त्यानं वाळूत लांब पहारी ठोकल्या आणि खडकातून येणारा आवाज ऐकला. वळणावर खडकाला भेगा होत्या. उंबराजवळ तो अखंड होता.

"माझी जागा चुकली होती," पिमानं जाहीर केलं. "भिंत फुकट गेली असती."

मुस्योकांनी घसा खाकरला. "उद्यापासून म्वेथ्या (सगळ्यांनी मिळून करायचं गावकाम). आणि यापुढे सभेत बायकाही बोलतील."

दगड वाहून वाहून हातांना फोड आले, पण एकही घर मागे राहिलं नाही. दोन पावसाळ्यांत भिंतीमागे वाळू साचली. तिसऱ्या कोरड्या हंगामात कालेकेनं तिथे कोपरापर्यंत उकरलं आणि गार पाणी वर आलं. आईनं हंडा भरला, कालेकेच्या हातातली घागर काढून घेतली आणि म्हणाली, "पळ, शाळेची घंटा होईल."

त्याच आठवड्यात खालच्या गावचे लोक पिमाला न्यायला आले.

"येतो की," पिमा म्हणाला. "पण आधी सांगा, तुमच्याकडे पाणी कोण भरतं? पहिली सभा त्यांची."