दुसऱ्या ओळीला

आमच्या मुलीचं नाव आम्ही रागावरून सहाना ठेवलं, आणि सुराशी तिचा छत्तीसचा आकडा. नवरा म्हणायचा, नाव ठेवताना जरा थांबायला हवं होतं.

मी विद्युलता. माहेर मिरजेचं, सासर तंजावरी मराठी, घर अड्यारला. तांबरमच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, किती जणांनी पाहिलं? तर ही माझीच गोष्ट आहे, आणि मी मोजूनच सांगते आहे.

सासरी नवरात्रात कोलू मांडतात. पायऱ्या रचायच्या, त्यांवर बाहुल्या मांडायच्या. रोज संध्याकाळी बायका येतात, त्यांना हळदीकुंकू द्यायचं, हरभऱ्याचं सुंडल द्यायचं, आणि आलेल्या प्रत्येकीने बाहुल्यांपुढे एक गाणं म्हणायचं. गाता येत नाही ही सबब चालत नाही. दशमीच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवायची, म्हणजे कोलू संपला.

मांडामांड सहानाकडे असायची. एका वर्षी तिने रावणापुढे मातीचा ट्रॅफिक पोलीस उभा केला. का गं, विचारलं तर म्हणे, "दहा डोकी आणि हेल्मेट एकही नाही. पकडलाय त्याला." सासूबाई हसून हसून खाली बसल्या.

गाण्याची वेळ आली की मात्र बाईसाहेब सर्वांत पुढे. कुठलंही गाणं असो, पहिली ओळ धकून जायची. दुसऱ्या ओळीला आवाज खाली यायला हवा तिथे हिचा वर जायचा, आणि मग तिचं तिलाच हसू फुटायचं. तोंड मिटून, नाकातून, बारीक. "देवी नऊ दिवस राक्षसाशी लढते," म्हणायची, "माझं एक गाणं ऐकायला काय होतंय तिला?" मीही चेकाळायचे. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, करून तिला चार-चारदा गायला लावायचे.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेली. तीन दिवसांचा ताप. बारा वर्षांची होती.

त्या वर्षी सुतकाचं म्हणून कोलू नव्हता. पुढची दोन वर्षं आम्हा दोघांत खोकी खाली काढायचं बळ नव्हतं. यंदा शेषाद्री, माझा नवरा, म्हणाला, "बाहुल्या देवळात देऊन टाकूया."

"यंदा मांडायच्या," मी म्हटलं. "कोलू बघितल्याशिवाय राहायची नाही ती. येईल."

त्याने शिडी आणली. मी देवभोळी नाही. पण एवढं मला पक्कं माहीत होतं. कसं, ते विचारू नका.

पहिल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या कृष्णवेणी मामी आल्या. चाळीस वर्षं गाणं शिकवतात, झोपेतसुद्धा बेसूर होणार नाहीत. मांडी घालून बसल्या, डोळे मिटले, पहिली ओळ गायल्या. दुसऱ्या ओळीला आवाज खाली यायचा तो वर गेला. आणि मामी हसल्या. नाकातून, बारीक.

माझ्या हातातली सुंडलची वाटी कलंडली.

"अय्यो, वय झालं गं," मामी म्हणाल्या आणि पुढे नीट गायल्या. निघताना मी विचारलं, "मामी, हसलात का मघाशी?"

"मी? कुठे हसले?"

दुसऱ्या दिवशी शेजारची रंजनी आली. लग्न होऊन दोन महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेली. सहानाचं नावही तिला ठाऊक नव्हतं. वेगळं गाणं, वेगळी चाल. दुसरी ओळ, तीच चूक, तेच हसू. शेषाद्री दारात उभा होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं." तो मागच्या गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागला.

मग मी सुटलेच. कॉलेजातल्या बायका बोलावल्या, बँकेतल्या बोलावल्या, बसस्टॉपवर ओळख झालेल्या दोघींनाही घरी आणलं. नऊ दिवसांत एकवीस जणी. एकवीसच्या एकवीस जणी तिथेच चुकल्या, तशाच हसल्या, आणि एकीलाही ते हसू आठवत नव्हतं. योगायोगाची शक्यता मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. ही काढायला गेले नाही. खरं सांगू? मी आनंदात होते. संध्याकाळी मोगऱ्याचा वास, समया, रेशमी साड्यांची सळसळ, आणि त्यातून माझं पोर हसत होतं. तीन वर्षांनी मला भूक लागायला लागली.

दशमी आली. शेषाद्री म्हणाला, "विद्यु, बाहुली निजव."

"उद्या."

"असं उभं ठेवू नये गं."

"उद्या म्हटलं ना!" मी खेकसले.

एकादशी गेली. द्वादशीला दुपारी तीन वाजता कृष्णवेणी मामी खाली आल्या. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला.

"विद्यु, माझं गाणं गेलं गं," त्या म्हणाल्या. "काय गाऊ, कुठलं गाऊ, दुसऱ्या ओळीला पाय घसरतोच. शिकायला येणाऱ्या मुली तोंडावर पदर घेऊन हसतात. चाळीस वर्षांत असं झालं नाही. कुणाची दृष्ट लागली?"

काय करायला हवं ते मला कळत होतं. हात लांब केला की पहिल्या पायरीवरची लाल लाकडाची बाहुली हाताला येत होती. आडवी करायची, बस्स.

मी म्हटलं, "बसा ना मामी. एकदा गाऊन दाखवा."

सांगायला लाज वाटते, पण असंच म्हटलं.

मामींनी डोळे मिटले. गायल्या, चुकल्या, हसल्या. ते हसू मी अंगावर घेतलं.

"पुन्हा," मी म्हटलं.

गायल्या. हसू या वेळी अगदी बारीक होतं.

"पुन्हा म्हण."

मामींना मी कधी अगं-तुगं केलेलं नाही. तोंडातून गेलं.

तिसऱ्या वेळी दुसरी ओळ वर गेली आणि तिथेच थांबली. हसू आलं नाही. पंखा फिरत होता. बाहेर इस्त्रीवाल्याच्या गाडीवर रेडिओ चालू होता, तोही बंद झाला.

मामींचे डोळे मिटलेलेच होते. आवाज त्यांचाच होता, म्हातारा, घोगरा.

"आई, दमले मी. आता निजू?"

नाही म्हणावंसं वाटलं. देवीशपथ, नाही म्हणणार होते.

"नीज गं, राणी," मी म्हटलं.

उठले. बाहुली आडवी केली. छातीपर्यंत खण पांघरला.

मागे मामी खाकरल्या. मी वळून पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला, मांडी मोडून पुन्हा नीट घातली.

"विद्यु, आता सांग तरी काय गाऊ," त्या म्हणाल्या. "मघापासून नुसतं बसवून ठेवलं आहेस मला."