बोअरच्या पाण्याचा फेस

ताराबाई सत्यशीलाच्या खोलीच्या दारातच थबकली. आत खुर्चीवर सोमनाथ बसला होता, आणि त्याला पाहताच तिने तोंड फिरवलं.

तिचं काही चुकत नव्हतं. तीन दिवसांपूर्वी केजच्या बाजारात तिच्या नवऱ्याच्या, बंकटच्या, सलूनचं शटर पाच-सहा जणांनी खाली ओढलं, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज सोमनाथचा होता. निवृत्त हवालदार तो; वर्दी गेली तरी आवाज काही गेला नव्हता.

"मॅडम, ह्यांच्यासमोर बोलू का?"

"बोला," सत्यशीला म्हणाली. "त्यांनाही ऐकू द्या."

सत्यशीलाने बीडच्या कोर्टात वीस वर्षं कारकुनी केली होती. खोट्या साक्षी ऐकून ऐकून तिचे कान तयार झाले, तेव्हा नोकरी सोडून तिने केजला झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेतली आणि खासगी तपासाची पाटी लावली. सोमनाथ तिचा मदतनीस. मोटारसायकल माझी, डोकं मॅडमचं, असं तो स्वतःच हसत सांगायचा. आज मात्र त्याला हसू येईना.

हकीगत गावाला तोंडपाठ होती. आप्पा म्हणजे बाजार समितीचे माजी सभापती. डोक्यावर एक केस नाही, पण मिशी अशी भरघोस की नजर आधी तिच्यावर जायची. बंकट रोज सकाळी सातला घरी जाऊन त्यांची दाढी करायचा. मंगळवारी नऊला आप्पा खोलीबाहेर आले ते तोंडावर टॉवेल धरून. मिशी साफ. मुलगा शिवशंकर भडकला, तेव्हा ते एवढंच म्हणाले की दाढी करताना डोळा लागला, उठलो तर मिशी नव्हती. बंकटची जुनी टपरी अतिक्रमणात आप्पांनीच काढायला लावली होती. लोकांना सुडाचं कारण आयतंच मिळालं.

"मालकांना धरून आप्पासमोर नेलं," ताराबाई म्हणाली. "आप्पाचं तोंड बघितलं अन् गप झाले. 'म्या न्हाई काढली' एवढंच बोलतेत. दुकान बंद हाय. आता गाव सोडू म्हणतेत."

ती गेल्यावर सोमनाथने घसा खाकरला. वस्तरा बंकटच्या हातात होता, मग दुसरं कोण असणार, असं त्याला अजूनही वाटत होतं. तसं नसेल तर आपण काय करून बसलो, हा विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही.

दोघं आप्पांच्या घरी गेली, तेव्हा शिवशंकरने बंकटला चार शिव्या दिल्या आणि त्याला गावात राहू देणार नाही म्हणून बजावलं. आप्पा जमिनीवर चटईवर बसून होते.

सून बबिता काय ते सरळ सांगत होती. मंगळवारी बंकट साडेसातला गेला. मग आठच्या सुमारास म्हाळू नावाचा मेंढपाळ फाटकाशी आला आणि आप्पांशी काहीतरी बोलून चहासुद्धा न घेता निघून गेला. तेव्हा आप्पा तिच्याकडे पाठमोरे होते.

"तवापासनं पलंगावर झोपत न्हाईत," ती म्हणाली. "फोडणीचं खात न्हाईत. देवपूजा कधी चुकवली न्हाई, आता देवघरात पायबी ठिवत न्हाईत. लई लागलंय त्यांच्या मनाला."

मिशीचं एवढं दुःख, असं सोमनाथला वाटलं आणि त्याला बंकटचा नव्याने राग आला.

सत्यशीलाने आप्पांच्या खोलीला लागून असलेली मोरी पाहिली. फळीवर अंगाच्या साबणाची एक वडी होती. शेजारी स्टीलची वाटी, तिच्या काठाला राखाडी कण वाळून चिकटलेले. एक जुना रेझर आणि दाढीचा जुनाट ब्रशही होता, ब्रश न धुता ठेवलेला, केस चिकटून कडक झालेले. ही फळी सासऱ्यांची, तिथे कुणी हात लावत नाही, असं बबिताने सांगितलं. सत्यशीलाने बोअरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं.

तिथून ते बंकटच्या घरी गेले. सत्यशीलाने त्याला दाढीचा फेस करून दाखवायला सांगितलं, आणि गाल म्हणून सोमनाथला पुढे बसवलं.

ज्याला चौकात चोरासारखं उभं केलं, त्याच्यापुढे मान वर करून बसायचं होतं. सोमनाथने डोळे मिटून घेतले.

बंकटने कोमट पाण्यात ब्रश बराच वेळ भिजत ठेवला. मग दोनदा झटकला. "ब्रश भिजल्याला पायजे, निथळता नको," तो हळू म्हणाला. साबणावर ब्रश गोल गोल फिरला, पाण्याचे चार थेंब पडले, पुन्हा फिरला. गालावर फेस बसला तो ताज्या लोण्यासारखा, जड आणि गार. त्या हाताला जराही राग नव्हता, आणि सोमनाथला तेच सोसवेना.

मग सत्यशीलाने आपली बाटली दिली. त्या पाण्याचे नुसते बुडबुडे झाले, बसले आणि वाटीत राखाडी कण उरले.

"हे आप्पाच्या बोअरचं पाणी," बंकट म्हणाला. "ह्याला फेस धरत न्हाई. म्हणून म्या फिल्टरच्या पाण्याची बाटली घिऊन जातो."

"आणि ओठावरचं कसं काढतात?"

त्याने अंगठ्याने सोमनाथच्या नाकाचा शेंडा वर केला. "ओठ दातावर ताणा, हवालदार. माणूस जागा पायजे. झोपल्याला माणूस ओठ ताणत न्हाई, अन् मंग कापतंय."

"आप्पांचा ओठ पाहून तुम्हाला काय वाटलं?"

बंकटने ब्रश धुतला, झटकला, खुंटीला टांगला. "मला न्हाई म्हाईत," तो म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

संध्याकाळी सत्यशीला माळावर म्हाळूला भेटायला गेली. सोमनाथ गाडीपाशी थांबला. म्हाळूने डोक्याचा टॉवेल काढून घाम पुसला, तेव्हा त्याचं डोकं गुळगुळीत दिसलं, ओठही तसाच. उन्हाळ्यात बरं पडतं, सोमनाथच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आप्पांच्या खोलीत जमले. बंकटला पाहून शिवशंकर उसळला. "ह्याला कावून आणलं घरात?"

"ऐकून घ्या, मग हाकला," सत्यशीला म्हणाली. "झोपलेल्या माणसाची एवढी मोठी मिशी साफ निघते आणि त्याला जाग येत नाही, हे मला पहिल्यापासून पटलं नाही. ओठ ताणावा लागतो, तो ज्याचा त्यानेच. मोरीतल्या वाटीतला फेस बोअरच्या पाण्याचा आणि अंगाच्या साबणाचा आहे. बंकट ते पाणी वापरत नाही, आणि ब्रश न धुता ठेवणं त्याच्या हाताला ठाऊक नाही. म्हणजे तो गेल्यावर इथे दुसऱ्या कुणीतरी ब्रश चालवला. या फळीला घरात एकच माणूस हात लावतो. आठ वाजता म्हाळूने आप्पांच्या ओठावर मिशी पाहिली आहे. नऊला ती नव्हती."

"मंग आप्पानं सोताच? कावून?"

"जमिनीवर झोपणं, फोडणीचं वर्ज्य, देवघर बंद. म्हाळूने चहा घेतला नाही, आणि त्याचं डोकं नि ओठ ताजे भादरलेले आहेत. हे सुतक आहे. आप्पांच्या डोक्यावर केस नाहीत. द्यायला मिशीच होती. कुणासाठी दिली, ते मला म्हाळूने सांगितलंय, पण ते सांगायचं तर आप्पांनीच."

ते गुळगुळीत डोकं सोमनाथनेही तिच्याइतकंच पाहिलं होतं.

आप्पा चटईचा काठ चाचपत राहिले.

"बायनाबाई," ते म्हणाले. "मेंढरं राखायची. माझी माय. दोन वर्साचा होतो तवा ह्या घरात दत्तक आलो. म्हाळू माझा सख्खा भाऊ. सभापती झालो तवा ती बघाया आलती. बैठकीत मानसं बसलती. म्या गड्याला म्हणलो, बाईला भाकर दे अन् लावून दे. मंगळवारी ती गेल्याचं म्हाळूनं सांगितलं. मिशी काढल्यावर ध्यानात आलं, समदे इचारणार कोण गेलं. तिचं नाव तोंडातनं निघंना. बंकटचं निघालं."

"आमाला तरी सांगायचं," शिवशंकर पुटपुटला.

"लाज वाटली. आधी तिची. मंग माझीच."

ते बंकटकडे वळले. "तुला कळलतं का रे?"

"ओठ बघितल्याबरुबर. आपल्या हातानं काढल्याली मिशी हाय, कळतंय. पण कोण गेलं ते मानूस सांगत नसंल तर आपुन इचारू न्हाई."

शिवशंकरला प्रकरण मिटवायचं होतं. उद्या दुकान गुपचूप उघडू, लोक विसरतील, असं तो म्हणाला. काठी घेऊन आप्पा सरळ बाजाराकडे चालू लागले आणि बाकीचे मागे निघाले.

चौकात बाजार भरत होता. आप्पा सलूनसमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मिशी म्याच काढली. माझी माय गेली. बायनाबाई तिचं नाव. बंकटवर म्या खोटा आळ घेतला."

सोमनाथला तिथून निघून जावंसं वाटलं. मोटारसायकलीची चावी त्याच्या हातातच होती. पण तोच चौक होता, आणि त्या दिवशीचीच बरीच माणसं होती.

"म्याबी," तो म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज कुठेच सापडेना. "म्या कायबी बघितलं न्हवतं. तरी बोललो. बंकट, माफ कर."

बंकटने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तो आप्पांना विचारत होता, दहावा कुठं करणार. गेवराईकडं, गोदेवर, आप्पा म्हणाले, तू येशील का. येतो की, बंकट म्हणाला, तिथलं काम माझंच हाय.

"म्या सोडतो गाडीवर," सोमनाथ घाईने म्हणाला. "पहाटंच निघू."

बंकटने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नगं, हवालदार," तो शांतपणे म्हणाला. "म्या एस्टीनं जाईन."