एटापल्लीची गॅस फिटर

भूपेश पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी भट्टीखाली पडले होते. कोपरापर्यंत काजळी, हातात पाना.

"फिटर मी आहो," तो म्हणाला. "तुमी कोण?"

"आचल. सैपाक करणारी," मी खालूनच म्हटलं. "पाच दिवस झाले तुमची वाट पाहून राह्यली. एकशेवीस पोरी चुलीवरच्या भातावर हायेत."

एटापल्लीच्या त्या वसतिगृहात मी सात वर्षं स्वयंपाकाला होते. भट्टी बिघडली की माणूस थेट चंद्रपूरहून यायचा... येईल तेव्हा. त्या वेळी वास आल्याबरोबर मी सिलिंडर बंद केले होते, आणि तो येणार म्हणून सांध्यांना साबणाचा फेस लावून क्षणभर कॉक उघडून पाहिला होता. एका जागी बुडबुडे आले. बाकी सगळं कोरडं.

त्यानं वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सांध्याकडे.

"हे कोणं शिकवलं तुमाले?"

"नाकानं."

"बिघाड तर तुमीच शोधला. मंग मी काऊन आलो एवढ्या दूर?"

"नवीन नळी आणाले, भाऊ."

"नळी आणली," तो पिशवी उघडत म्हणाला. "पण... भाऊ नका म्हणू."

"काऊन?"

"असंच."

तांदूळ निवडणाऱ्या ताराबाईंनी सूप तोंडापुढे धरलं. हसू लपलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी तर काहीच बिघडलं नव्हतं. "तपासाले आलो," म्हणाला. पाच तास बसमध्ये बसून! मी चहा दिला. कप घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि तो भट्टीकडे असा गंभीर होऊन पाहायला लागला, जणू तीच काहीतरी बोलली.

"आचल, तू हे काम शिक," तो म्हणाला. "चंद्रपुरात आता घरोघरी पाइपचा गॅस येऊन राह्यला. माणसं भेटत नाई. माह्यासंग चाल. सहा महिन्यात तयार करून देईन."

माह्यासंग. तो शब्द दिवसभर कानात राहिला. खोटं कशाला बोलू?

पण माझ्या पेटीत आयटीआयची माहितीपुस्तिका होती. एक वर्ष पाइप फिटिंगचं शिक्षण, मग एक वर्ष अप्रेंटिस. मी अठ्ठावीस वर्षांची, आणि वर्गात सगळी अठराची पोरं. आमचे बाबा, इस्तारी, तळ्यावर मासोळी मारतात. त्यांना विचारलं, तर जाळं झटकत म्हणाले, "दुसऱ्याच्या डोंग्यात बसून किती दिवस जाशील, बाई? आपला डोंगा कर."

मी भूपेशला बस स्टँडवर सांगितलं.

"तुह्यासंग आली, तर लोक मले भूपेशची हेल्पर म्हणतील. मले फिटर व्हायचं हाय. कागद घेऊन."

"दोन वर्षं लागतील."

"लागू दे."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. बस आली, तो चढला, खिडकीतून पाहिलंही नाही. मग महिनाभर फोन नाही, भट्टी तपासणं नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं... पण अर्ज मी भरलाच.

अर्ज जमा करायला चंद्रपूरला गेले, तर आयटीआयच्या फाटकाशी भूपेश उभा. ताराबाईंनी तारीख सांगितली होती त्याला.

"तुले एक गोष्ट सांगतो," तो चपलेकडे पाहत म्हणाला. "माह्याजवळच कागद नाई. आठवी शिकलो, मंग हेल्परच झालो. आता ठेकेदार म्हणते, सर्टिफिकेट नाई तर मोठ्या लाइनवर काम नाई. तू शिकून माह्यापुढं निघून जाशील, असा भेव वाटला. म्हणून म्हटलं, माह्यासंग चाल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. बारा वर्षं हातात काम असलेला माणूस, आणि डोळ्यांत नापास पोराची भीती —

"पुस्तिकेचं शेवटचं पान वाचलं?" मी विचारलं. "अनुभव असन तर थेट परीक्षेले बसता येते."

"लेखी हाय न त्यात?"

"मी हाय न."

मी त्याला अर्जाच्या खिडकीपाशी घेऊन गेले. त्या दिवशी दोन अर्ज जमा झाले.

मी वसतिगृहाचं काम सोडून चंद्रपुरात शिकायला आले. पुढे वर्षभर दर रविवारी आम्ही रामाळा तलावाच्या काठी बसायचो. मी त्याला गॅसच्या दाबाची गणितं समजावायची, तो मला पाइपावर आटे पाडायला शिकवायचा. "जोर नको लावू... पाइपाले फिरू दे," म्हणत माझ्या मनगटावर हात ठेवायचा, आणि गणितात मात्र मुद्दाम चुकायचा.

"हे मागच्या रविवारी बरोबर केलं होतं तू!"

"तवा तू एवढ्या जवळ बसून नव्हती समजावत."

तो पास झाला. मी वर्गात दुसरी आले. निकालाच्या दिवशी तलावाच्या काठी कोणीच पुस्तक उघडलं नाही.

"अप्रेंटिसचं वर्ष बाकी हाय माह्यं," मी म्हटलं. "मंग मी एटापल्लीले परत जाईन. तिथी एक फिटर पाह्यजे."

"दोन चालतील का?"

"तुह्यं तर इथी मोठ्या लाइनचं काम हाय आता."

"हाय," तो म्हणाला. पाण्याकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे. "पण मले तू आवडते, आचल. पह्यल्या दिवसापासून."

"माहीत हाय," मी म्हटलं. "मलेही तू आवडते. पण बाबाले तूच सांगशील."

दुसऱ्या दिवशी एटापल्लीच्या पहिल्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. नवा शर्ट, भांग पाडलेला, कपाळावर घाम. बस अजून सुटलीही नव्हती.

"काय म्हणू त्याइले?" त्यानं हळूच विचारलं.

"जे काल मले म्हटलं, तेच."

"सगळं?"

मी हसले, आणि सगळ्या बससमोर त्याचा हात हातात घेतला.