मंगळवारचं भाषण कुणी ऐकलं?

मोरखाडीचे दिनानाथ मास्तर खाडीच्या बांधावरच्या उघाडीपाशी मरून पडलेत, ही बातमी पनवेलच्या चौकीवर शुक्रवारी सकाळी साडेसातला आली. हवालदार काशिराम सायकलवरून उतरला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"लोकांनीच मारला असणार, साहेब," तो म्हणाला. "काल त्याच्या घरावर दगड पडले."

फौजदार कमळाकर प्रधानांनी टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. काल दुपारी तीन वाजता दिनानाथ घरत याच टेबलासमोर बसला होता. चाळिशीचा बारीक माणूस. सदऱ्यावर शेणाचा डाग वाळलेला. गावच्या शाळेत मास्तर, आणि महिन्यातून एकदा मुंबईच्या रेडिओवर खेड्यातल्या लोकांसाठी आपल्याच बोलीत दहा मिनिटं बोलायचा. त्या मंगळवारी संध्याकाळी तो बोलला, आणि बुधवारी गाव पेटलं. मिठागरावरच्या बाया मार खाल्ल्याशिवाय सरळ चालत नाहीत, असं मास्तर रेडिओवर म्हणाला, अशी बोंब झाली. त्याला पुन्हा रेडिओवर बोलू देऊ नये, शाळेतूनही काढावं, असा दीडशे अंगठ्यांचा अर्ज कमळाकरांच्या टेबलावर होता.

"मी असं बोललोच नाही," दिनानाथ म्हणाला होता.

"मग माफी मागून मोकळे व्हा. दोन शब्दांनी गाव शांत होईल."

"जे बोललो नाही त्याची माफी मागितली, साहेब, तर जे बोललो तेही खोटं ठरेल."

काय बोलला होता, हे कमळाकरांनी विचारलं नव्हतं. त्यांना उरणच्या बंदोबस्ताला निघायचं होतं. "दोन दिवस गावाबाहेर राहा," एवढं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं होतं.

मोरखाडी गव्हाणच्या अलीकडे. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खारी शेती, आणि दोन्हींना खाडीपासून राखणारा मातीचा लांब बांध. बांधाच्या मध्यावर पाणी आतबाहेर सोडायची उघाडी. तिच्या कडेला दिनानाथ पालथा पडला होता.

डोक्याच्या मागे एकच घाव होता, वीतभर लांब आणि सरळ.

"दगडाने असा घाव होत नाही," कमळाकर म्हणाले. "फावड्याच्या पात्याने होतो. आणि घाव मागून आहे."

मनगटावर घड्याळ तसंच होतं. खिशाला शाईचं पेन अडकवलेलं होतं. सदऱ्याचा आतला खिसा मात्र उलटा बाहेर आला होता. त्यात काही नव्हतं.

पनवेलच्या डॉक्टरांनी दुपारी सांगितलं की मृत्यू काल दिवस मावळायच्या सुमाराला झाला. दगडफेक झाली होती त्यानंतर तासाभराने.

चावडीत कमळाकरांनी आधी चंद्रावतीला बोलावलं. मास्तरच्या घरावर बायकांचा मोर्चा तिनेच काढला होता. उंच, रापलेली बाई. मिठाने तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या.

"मास्तरांच्या दारावर शेण तू टाकलंस?"

"टाकला. खोटा कशाला बोलू? दगड नाय मारले. ते बाप्यांनी मारले."

"मास्तर काय बोलले ते तू स्वतः ऐकलंस?"

"सगल्या गावानं आयकला."

"मी तुला विचारतोय."

"मी नाय. आमचा गावचा रेडिओ बंद व्हता. त्याची बॅटरी पनवेलला भरायला नेलेली."

"मग सांगितलं कुणी?"

"गोमाकाकानं."

चावडीतला रेडिओ सरकारने दिलेला होता. गावात वीज नव्हती, म्हणून तो मोठ्या बॅटरीवर चाले. कमळाकरांनी वीस जणांना तोच प्रश्न विचारला. वीसही जणांनी मास्तरचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं आणि वीसही जणांनी ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलं होतं. कुणी भावाकडून, कुणी विहिरीवर. सगळ्या वाटा म्हाताऱ्या गोमापाशी येऊन मिळत होत्या.

"मना शिवानं सांगतला," गोमा म्हणाला. "बुधवारी फाटेच. त्याला पनवेलला कोन तरी भेटलेला, त्यानं आयकलेला. शिवा रडत व्हता, साहेब. मास्तर त्याचा मेहुना. आपल्याच मानसानं अशी लाज काढली म्हनून रडत व्हता."

शिवा मढवीकडे गावच्या रेडिओची किल्ली होती. मास्तरची धाकटी बहीण रंभा ही त्याची बायको. ती श्रावणात उघाडीत पाय घसरून पडली आणि बुडाली होती. चौकीत अपघाताची नोंद होती. खाली सही कमळाकरांचीच होती.

शिवाकडे जाण्याआधी कमळाकर मास्तरच्या घरी गेले. ओटीवर फुटक्या कौलांचे तुकडे पडले होते. दिनानाथची बायको भामा भिंतीला टेकून बसली होती. चूल थंड होती.

"वहिनी, काल मास्तर घराबाहेर कधी पडले?"

"दगड थांबल्यावर. दिवस मावळायला आलेला."

"कुठे जातो म्हणाले?"

"सांगतला नाय. भाषनाचा कागद घेतला, आतल्या खिशात घातला. बोलला, गाव आज माझा आयकनार नाय, पन एका मानसाला वाचून दाखवतो. तो उभा राहून बोलला तर गाव आयकेल."

"कोण तो माणूस?"

"मी इचारला नाय." तिने पदर तोंडाशी नेला. "मी बुधवारपासून त्याच्याशी बोलत नव्हते, साहेब. मना पन खरा वाटला. मुंबैवरून आला तर मी त्याला ताट वाढला नाय. तो बोलला, भामा, तू तरी इचार मी काय बोललो ते. मी पाठ फिरवली."

कमळाकर टोपी हातात घेऊन बाहेर पडले.

शिवा बांधावर होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, शांत बोलणारा माणूस. त्याने कमळाकरांना बसायला आपलं घोंगडं अंथरलं.

"मास्तरचं भाषण तू ऐकलंस?"

"नाय साहेब. रेडिओ बंद व्हता."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"पनवेलच्या स्टँडवर एक मानूस भेटला. पेन गावचा असंल. नाव ठावं नाय."

"मंगळवारी पनवेलला कशाला गेला होतास?"

"बॅटरी टाकायला."

"काल संध्याकाळी मास्तर तुझ्याकडे आला होता?"

"नाय. मी घरीच व्हतो, एकटा." तो खाडीकडे बघत राहिला. "वाईट झाला. पन साहेब, त्यानं बी असा बोलायचा नव्हता. काय बोलायचा तो बोला. मेलेल्या बाईला तरी सोडायची व्हती."

कमळाकरांनी मान हलवली, घोंगड्यावरून उठले आणि काशिरामला घेऊन पनवेलला परतले.

बाजारात भगवानचं बॅटऱ्या भरायचं दुकान होतं. दुकानात दिवसभर रेडिओ चालू असे. मोरखाडीची बॅटरी अजून तिथेच पडलेली होती. तिच्यावर खडूने गावाचं नाव लिहिलं होतं.

"भरून तयार आहे हो तीन दिवस," भगवान म्हणाला. "न्यायला कुणी आलंच नाही."

"मंगळवारी आणली कुणी?"

"शिवा मढवीने. भरून होईपर्यंत बसतो म्हणाला. मग खेड्यातल्या लोकांचा कार्यक्रम लागला. हा म्हणाला, शेठ, आवाज वाढवा, आमचा मास्तर बोलणार आहे. मोठ्या कौतुकाने ऐकत होता. मध्येच उठला आणि चालायला लागला. मी हाक मारली, अरे बॅटरी राहिली. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही."

"मास्तर काय बोलत होता तेव्हा?"

भगवान ओशाळला. "गिऱ्हाईक होतं साहेब दुकानात. मी कुठे लक्ष देऊन ऐकतोय?"

शनिवारी सकाळच्या गाडीने कमळाकर मुंबईला गेले. रेडिओवर बोलणाऱ्याला भाषण आधी लिहून द्यावं लागतं आणि त्याची एक प्रत तिथे राहते. ती मिळाली. चार पानं, मास्तरी वळणाचं अक्षर. परतीच्या प्रवासात त्यांनी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा त्यांच्याने वाचवेना.

रविवारी सकाळी त्यांनी सारं गाव चावडीत बोलावलं. पुरुष पुढे बसले, बायका दाराशी. भामा एका कोपऱ्यात बसली. शिवा पहिल्या रांगेत होता.

"मास्तरला तुम्ही मारलं नाही," कमळाकरांनी सुरुवात केली. "तुमचा दगड त्याला लागला असेल, पण तो त्याने मेला नाही. फावड्याच्या एका घावाने मेला. चिडलेल्या घोळक्यातला माणूस खून करील, पण मेलेल्याच्या आतल्या खिशातला कागद काढून नेणार नाही. घड्याळ ठेवलं, पेन ठेवलं, कागद तेवढा नेला. म्हणजे त्या कागदात काय आहे हे मारणाऱ्याला ठाऊक होतं. मग मी शोधायला लागलो, की मंगळवारचं भाषण कुणी ऐकलं?"

पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"तुमच्यापैकी एकानेही नाही. वीस जणांनी मला वाक्य सांगितलं, पण ऐकलेला एकही निघाला नाही. सगळं येऊन थांबलं शिवापाशी. शिवा म्हणाला, मीही ऐकलं नाही, एका अनोळखी माणसाने सांगितलं. पण शिवाने ते ऐकलं होतं. भगवानच्या दुकानात बसून, आवाज वाढवायला सांगून. स्वतः ऐकलेलं असताना माणूस दुसऱ्याचं नाव का पुढे करतो? कारण स्वतः ऐकलं म्हणावं, तर लोक विचारतात, पुढे काय बोलला, आधी काय बोलला. परक्याच्या तोंडची गोष्ट एका वाक्यावर थांबवता येते."

"मी घाबरलो व्हतो," शिवा म्हणाला. "म्हनून नाय बोललो."

"कशाला घाबरलास?"

शिवाने दाराकडे पाहिलं.

"तू मला म्हणालास, मेलेल्या बाईला तरी सोडायची होती. गावात जे वाक्य फिरलं त्यात मेलेली बाई कुठेच नाही. वीस जणांत कुणी तिचं नाव घेतलं नाही. ती मास्तरच्या भाषणात आहे, आणि ते इथे एकट्या तुलाच माहीत होतं."

कमळाकरांनी पानं उघडली आणि एक तुकडा वाचला.

"'माझी बहीन रंभा तीनदा माझ्या दारात आली. तिच्या पाठीवर वळ व्हते. मी बोललो, नवरा हाय, राग येतो, सांभालून घे. तिन्ही येला मीच तिला परत पोचवली. चौथ्यांदा ती आली नाय. पाय घसरून पडली, असा मी पोलिसांना लिहून दिला. घराची अब्रू राखली. आपन खाडीला बांध घालतो, पन आपल्या हाताला बांध घालायला आपल्याला कोनी शिकवला नाय. मी मास्तर हाय. मी पन नाय शिकवला.'"

दाराशी बायकांत एक हुंदका फुटला आणि तिथेच दाबला गेला.

"मास्तरने कुणाचंही नाव घेतलं नव्हतं," कमळाकर म्हणाले. "दोष स्वतःला दिला होता. पण भाषण गावात पोचलं असतं, तर रंभा कशी मेली हे गावाने विचारलं असतं. ते पोचू नये म्हणून तू दुसरं वाक्य सोडलंस. असं, की सगळ्यात आधी बायकाच त्याच्यावर उठतील. त्याला वाटलं, गावाची समजूत शिवाच काढू शकेल, रंभाचा नवरा म्हणून. ते वाक्य तूच सोडलंस, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून कागद घेऊन तो तुझ्याकडे आला."

शिवाने मान खाली घातली. तो बोलला तेव्हा आवाज बारीक झाला होता.

"बांधावर वाचायला लागला. मी बोललो, पुरे. तो थांबेना. बोलला, शिवा, तू पन माझ्यासारखा एकदा बोलून टाक, हलका व्हशील. तुला फाशी द्या असा मी बोलत नाय, बोलून टाक. मग पानी बघायला वलला. फावडा माझ्या हातातच व्हता. कागद मी चिखलात दाबला. मना वाचता येत नाय. पन पुढं अजून काय लिवलेला असंल, याचाच भ्या वाटत व्हता."

"आणि रंभा?"

"मी तिला ढकलली नाय, साहेब. मारत व्हतो. ती मागं सरत गेली."

काशिरामने त्याला उठवलं. तो मुकाट्याने चालू लागला. पुरुषांनी पाय आवरून घेतले आणि वाट दिली.

कमळाकर पानांची घडी घालू लागले. श्रावणातल्या त्या नोंदीवर सही करताना आपण प्रेताची पाठ पाहिली नव्हती, हे त्यांना गावाला सांगायचं होतं. त्यांनी ते सांगितलं, मोडकंतोडकं, आणि गुरुवारी मास्तर चौकीत आला होता, तेही सांगितलं.

"मी त्याला माफी मागायला सांगितलं," ते म्हणाले. "काय बोललात, हे विचारलं नाही."

कोपऱ्यातून भामा म्हणाली, "साहेब, घडी घालू नका. पयल्यापासून वाचा."

त्यांनी चारही पानं वाचली. सुरुवातीला मास्तरने थट्टा केली होती, मिठागरावरच्या बाया बाप्यांपेक्षा दुप्पट ओझं कसं उचलतात त्याची. हसायच्या जागी कुणी हसलं नाही. वाचता वाचता कमळाकरांना कळत होतं, की हा माणूस नुसत्या आवाजावर या लोकांना हसवत असणार. शेवटचं पान संपलं तेव्हा भामा रडत नव्हती. जमिनीकडे बघत होती.

"येवढाच बोलला तो," ती म्हणाली.

पुरुष उठायला लागले. कामावर जायची वेळ झाली होती. तेवढ्यात दाराशी चंद्रावती उभी राहिली. तिने दंडावरची चोळीची बाही वर सारली, काळेनिळे वळ दिसले, मग परत खाली ओढली.

"मना पन बोलायचा हाय," ती म्हणाली. "माझ्या घरातला. नाव घेऊन."

मागच्या रांगेतला तिचा नवरा दाराकडे निघाला. त्याच्यापाठोपाठ आणखी दोघं-तिघं निघाले.

कमळाकरांनी त्यांना खाली बसायला सांगितलं.