दाराजवळची खुर्ची

दार ढकललं, तशी वरची घंटी किणकिणली आणि तिचा नाद तिथल्या तिथेच विरला. कुणीतरी हवेतच ओंजळीत झेलावा, तसा.

ती दचकली. बाहेर भरदुपारी काळवंडलेलं आभाळ, रिपरिप, गाड्यांचे भोंगे... आणि आत एवढी शांतता, की छत्रीवरून निथळणारं पाणी ऐकू यावं. दुकानाच्या भिंतींना जुना काळा स्पंज चिकटवलेला होता. कुठेतरी घड्याळ चालत होतं. टिक... टिक... आणि मध्येच टिक-टिक, उचकी लागल्यासारखं.

"बसा ना," काउंटरमागून आवाज आला.

दाराजवळ एकच लाकडी खुर्ची होती. तिने छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बसली. तसा दुकानदार — तिच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला — हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून बघत राहिला.

"काय झालं?"

"त्या खुर्चीवर सहसा कुणी बसत नाही."

"का? भुताची आहे?"

"कुणाची आहे तेच माहीत नाही. बाबांची ताकीद होती — हलवायची नाही, गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आज माझ्या तोंडून 'बसा' कसं निघालं, कुणास ठाऊक."

ती उठू लागली.

"आता बसलाच आहात तर राहू द्या. शोभतेय."

"कोण, खुर्ची?"

"...तीही."

तिने घाईघाईने पिशवीतून लॅपटॉप काढला. वहीएवढा होता. "याला डिस्क कुठून घालायची?"

"कुठूनच नाही."

"ते दोन दुकानांत हसून सांगून झालंय. बाहेरून लावायचा ड्राइव्ह तुमच्याकडे मिळेल, म्हणाले."

त्याने दोन ड्राइव्ह पुढे ठेवले. एक चपटा, चंदेरी. दुसरा काळा, ओबडधोबड, स्वतःच्या प्लगचा.

"हा चंदेरी नाजूक आहे, पण खादाड. वीज तुमच्या लॅपटॉपकडूनच ओढणार, आणि या पिल्लाला ते झेपायचं नाही. काळा आपला भिंतीला प्लग लावून आपलं पोट आपण भरतो."

"दिसायला रेडा आहे."

"संसाराला असेच बरे असतात."

तिचे कान गरम झाले. केवळ त्याला हरवायचं म्हणून तिने चंदेरी उचलला.

"डिस्कमध्ये आहे तरी काय?"

"आईचा आवाज."

त्याचं हसू मावळलं. तिने मग सगळं सांगून टाकलं, का कोण जाणे. आई गेली तेव्हा ती लहान होती. आई कचेऱ्यांच्या टेलिफोनसाठी निरोप बोलायची. आईचा तळहात आठवायचा, केसांतला तेलाचा वास आठवायचा... आवाज तेवढा पुसला गेला होता. परवा थोरल्या बहिणीला कपाटात ही डिस्क सापडली. एकच.

"मग ऐका माझं," तो म्हणाला. "जुनी डिस्क मध्येच अडखळली, तर पुन्हा वाचता येईलच असं नाही."

"नाही जमलं तर येईन परत."

"मग नाहीच जमू दे..." तो पुटपुटला. अर्धं स्पंजने गिळलं. अर्धं तिने ऐकलं.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने डिस्क लावली. ड्राइव्ह आजारी माणसासारखा कण्हू लागला. आणि मग...

"कृपया थांबा. आपल्याशी लवकरच बोलू."

आई! किंचित घोगरा, हसू दाबल्यासारखा आवाज. तिने हुंदका गिळला, कारण त्या आवाजामागे आणखी काहीतरी होतं. टिक... टिक... टिक-टिक.

अंगावर काटा आला. ड्राइव्हने एक आचका दिला आणि तो बंद पडला.

दुसऱ्या दिवशी रिपरिप चालूच होती. तिने छत्री खुर्चीला अडकवली, पण आज काही ती बसली नाही. थेट काउंटरपाशी गेली. "तुमचं घड्याळ माझ्या डिस्कमध्ये आहे."

तो पांढरा पडला. "ही खोली... पूर्वी बाबांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होती. घड्याळ थांबवायला ते नेहमी विसरायचे."

ड्राइव्ह कण्हून बंद पडल्याचं तिने सांगितलं, तेव्हा त्याने डिस्क उजेडात धरली. वरच्या कागदी स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. "म्हणून कण्हतो. डिस्क एका अंगाने जड झालीय." तिने कोपरा धरला, तसं त्याने झटकन तिचं मनगट पकडलं. "ओढू नका! स्टिकरबरोबर आवाजही निघून येईल."

कोपरा चिकटवण्यासाठी त्याला तोच हात लागणार होता. तरी मनगट सोडायला त्याने जरा वेळच लावला.

कोपरा चिकटल्यावर काळा ड्राइव्ह आला. त्याने वेग अगदी कमी केला. "ऐकता ऐकताच उतरवून घेऊ. पुन्हा संधी मिळेलच असं नाही."

तिने श्वास रोखला. आई एकामागून एक निरोप बोलत गेली. कागद सळसळले. इथे संपायला हवं होतं, पण रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं.

घंटी किणकिणली. दोघांनी वळून पाहिलं. दार बंद होतं. घंटी डिस्कमधली होती.

"आलीस?" आई हसली. "छत्री असून भिजलीस ना गं!"

"ताई, कोण आलंय?" एक पुरुषी आवाज. "दारात तर कुणी नाही."

"बाबा..." तो कुजबुजला.

"असं काय करता? ही काय, माझी ठकी. बसू द्या तिला त्या खुर्चीवर."

मग नुसतंच पाणी. टप... टप... आणि अगदी हळू, चकित झालेला आईचा आवाज —

"अगंबाई... केवढी मोठी झालीस."

ड्राइव्ह थांबला.

"ठकी म्हणजे मीच," ती कशीबशी म्हणाली. "छत्री घेऊन आईला आणायला यायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी मी तापाने फणफणले होते, मावशीने घराबाहेर पडू दिलं नाही. मी आलेच नव्हते हो..."

"काल आलात ना," तो म्हणाला.

घड्याळाला उचकी लागली. छत्रीवरून थेंब पडत होते.

"शेवटच्या आजारपणातही बाबा विचारायचे, ठकी आली का? माझ्या आईला वाटलं, ही कोण भवानी! महिनाभर अबोला धरला होता तिने."

ती रडता रडता हसली. हसता हसता पुन्हा रडली. त्याने रुमाल पुढे केला, मग त्यावर ग्रीसचा डाग दिसला म्हणून ओशाळून मागे घेतला. तिने तोच ओढून घेतला.

"आवाज नीट उतरलाय," तो म्हणाला. "आता तुम्हाला ड्राइव्हची गरज नाही."

"म्हणजे परत यायलाही कारण नाही."

तो चष्मा पुसत राहिला. खूप वेळ. मग खाली बघूनच म्हणाला, "कृपया... थांबा."

तिच्या ओठांवर हसू आलं. आईसारखं, दाबलेलं. "आणि खुर्ची? तिची मालकीण सापडली. आता हलवायला हरकत नसावी."

"कुठे ठेवू?"

"काउंटरच्या आत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग लगबगीने गेला, खुर्ची उचलली आणि तसाच थबकला.

"काय झालं?"

"तुम्ही तर आल्यापासून उभ्याच आहात ना?"

ती जवळ गेली. त्याच्या हाताशेजारी तिने आपला तळहात खुर्चीवर टेकवला. लाकूड उबदार होतं, कुणीतरी आत्ताच उठून जागा करून दिल्यासारखं.

दोघांनीही हात काढला नाही.