गाठीची वायर

बसा. तुमच्या मिक्सरचं कपलर बदलायला पंधरा मिनिटं लागतील, तोवर ऐका. आधीच सांगते, ही रात्रीबित्रीची गोष्ट नाही. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि मी चांगली शुद्धीत होते. नाहीतर लोक म्हणतात, मेकॅनिकबाईला झोपेत भास झाला.

माझ्या आईची वाचा दोन वर्षांपूर्वी गेली. उजवा हातही गेला. डोकं मात्र शाबूत आहे, नुसत्या डोळ्यांनी शिव्या घालते. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, छोट्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचा भारी नाद. त्यानं आईच्या डाव्या हाताशी चार बटणांची डबी बसवली आणि तिची वायर स्वयंपाकघरात ओढून तिथे एक बोर्ड आणि काड्यापेटीएवढी स्क्रीन लावली. आईनं बटण दाबलं की स्क्रीनवर शब्द यायचा. पाणी, दुखतंय, ये, नाही. पहिल्या दिवशी तर आईनं हौसेनं अठरा वेळा ‘नाही’ दाबलं.

दादाला लाल आणि हिरवा रंग सारखेच दिसायचे. म्हणून त्याच्या सगळ्या वायरी पांढऱ्या, आणि करंटच्या वायरीला टोकाशी एक बारीक गाठ. काही उघडायचं झालं तर गाठीची वायर आधी काढायची, हा त्याचा नियम. मी त्याला हसायचे. तो म्हणायचा, आधी कुठली काढायची ते गाठच सांगते, डोळ्यांचं काय खरं.

दहा महिन्यांपूर्वी दादा गेला. जिना चढताना दम खायला बसला, तो उठलाच नाही. त्याच दिवशी स्क्रीन बंद पडली. कोणाला सुचतंय तेव्हा ती बघायला! मग एकदा आई पाण्यावाचून तासभर तळमळत राहिली, आणि वहिनी शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं ते फार मनाला लावून घेतलं. शेवटी म्हणाली, आईंना संस्थेत ठेवू, तिथे सतत माणूस असतं. त्या दिवशी संस्थेची नर्स पाच वाजता बघायला येणार होती. मी विचारलं, स्क्रीन चालू झाली तर? वहिनी म्हणाली, तर राहू देत घरीच. तिलाही तेच हवं होतं.

तर वहिनी कामावर, आई आतल्या खोलीत झोपलेली, आणि मी दुकान बंद करून ओट्यावर मीटर मांडून बसले. स्क्रीनचा उजेड लागत होता, अक्षर एक नाही. करंट बरोबर, जोड पक्के. मग राहतो नंबर. अशा स्क्रीनला एक नंबर असतो, बोर्ड त्या नंबरानं तिला हाक मारतो. नंबर चुकला की ती गप्प. तो शोधायला एक छोटा प्रोग्राम असतो. तो एकामागून एक सगळे नंबर पुकारतो आणि कोण ओ देतं ते लॅपटॉपवर दाखवतो.

मी तो चालवला. दोघांनी ओ दिली.

जोडलेली तर एकच स्क्रीन होती. म्हटलं, कुठेतरी वायर चिकटली असेल. स्क्रीन काढून बाजूला ठेवली आणि पुन्हा पुकारलं. बोर्डाला काहीही जोडलेलं नाही, तरी एक नंबर ओ देत होता. मी प्रोग्राम उघडून बघितला. बोर्ड नेमका त्याच नंबराला हाक मारत होता. म्हणजे सहा महिने आई जे जे दाबत होती, ते सगळं तिकडे पोचत होतं.

फ्रीजची घरघर थांबली होती. माझी सोल्डरिंग गन पिशवीत होती, गार. तरी सोल्डर करताना जळणाऱ्या राळेचा वास येत होता, दादा कामाला बसला की घरभर व्हायचा तसा.

मी भित्री नाही. स्क्रीन परत लावली, तिचा खरा नंबर टाकला. शब्द उमटला. ये.

आत धावले. आई जागी होती. पण डबी पलंगाखाली पडलेली, वायर निघालेली, तिनं दाबायचा प्रश्नच नव्हता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या खांद्यामागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हसत होती. दादा कामावरून आला की हसायची तशी. आणि तिचा उजवा हात, इतके दिवस लाकूड झालेला, चादरीवरून हळूहळू वर उठत होता...

ते ‘ये’ माझ्यासाठी नव्हतं.

खरं सांगते, भ्याले. पण भीतीच्या आधी राग आला. आईला मी भरवते, मी तिची कूस बदलते, आणि हा न विचारता न्यायला आला. मी उलटी फिरले आणि ओट्यापाशी गेले.

“दादा... ती येणार नाही.”

स्क्रीनवर ये. त्याखाली ये. त्याखाली अजून एक...

“तिनं एकटेपणी हाक मारली असेल. आता मी आहे.”

वास अगदी मानेपाशी आला. मी वायरी उपटायला घेतल्या. साध्या तिन्ही आधी काढल्या, गाठीची शेवटी. मुद्दाम. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नियम मोडला. आतून हात गादीवर पडल्याचा आवाज आला. मग त्याच्या सगळ्या पांढऱ्या वायरी कात्रीनं कापून कचऱ्यात टाकल्या, माझ्या लाल, काळ्या, पिवळ्या जोडल्या, डबी पुन्हा लावली आणि पुकारलं. एकच ओ आली.

पाचला नर्स आली, मागोमाग वहिनी. नर्सनं गोड आवाजात विचारलं, आजी, येणार ना आमच्याकडे? आईनं डाव्या हातानं बटण दाबलं. वहिनीनं स्वयंपाकघरातून मोठ्यानं वाचलं, नाही. आईनं ते तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा ती नर्सकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. वहिनी ओट्याला टेकून रडली. आई घरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची वेणी सोडायला घेतली, तर टोकाशी एक बारीक गाठ. वहिनीला विचारलं, तिनं मारली नव्हती. मी सोडवली. पुढच्या सकाळी पुन्हा. चार महिने हेच चाललंय. तो मारतो, मी सोडवते. रोज त्याला सांगते, तू दमशील, मी नाही दमणार.

आज सकाळी आईच्या केसात गाठ नव्हती. इतका आनंद झाला म्हणून सांगू! गुणगुणतच स्वतःचे केस विंचरायला घेतले, आणि मानेमागे कंगवा अडला.

अडू दे. तिला सोडलंस ना, मग माझ्याशी भांड म्हटलं, मी काही आईसारखी पडून नाही. तीन गाठी सोडवून दुकानात आले. हा घ्या तुमचा मिक्सर, बटण लावून बघा. आणि एवढं जरा माझ्या मानेमागे बघता का? आत्ता पुन्हा काहीतरी ओढलं जातंय.